उंबराचं फूल, केंबरं आणि आमच्या सोसायटीचं पार्किंग

ट्यूबलाईट | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, धागा 'निसर्ग' विभागात टाकावा की 'सोसायटीच्या कटकटी'त, ते न कळल्यामुळे इथे टाकतोय. संपादकांनी हलवला तरी हरकत नाही.

आमच्या इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून एक उंबर आहे. इमारत १९९४ची, उंबर त्याच्याही आधीचा. सध्या बुंध्यापासून वरपर्यंत लगडलाय. खाली चार गाड्यांची जागा, त्यातली एक आमची. सकाळी बोनेटवर लाल चिखल, चिखलावर चिलटं, आणि रात्री वटवाघळं जे शिंपडून जातात ते वेगळंच. गाडी रोज मीच पुसतो, तेव्हा माझं मत निःपक्षपाती नाही हे आधीच सांगून टाकतो.

येत्या रविवारी सभा आहे. विषय क्र. ३ : 'उंबराचे झाड काढून टाकणेबाबत'. सेक्रेटरीकाकांचं म्हणणं असं की झाड आतून किडलंय, एखाद्या पावसाळ्यात गाड्यांवर आडवं होईल. पुरावा म्हणून परवा त्यांनी लिफ्टपाशी सगळ्यांदेखत एक फळ फोडलं. आत बारीक काळे किडे वळवळत होते. मी घरी येऊन आणखी सहा फोडली. सहाच्या सहांत किडे!

झाड खरंच आजारी आहे का? नसेल तर एकूण एक फळ किडकं कसं? आणि औषध मारून हे थांबतं का? जाणकारांनी सांगावं.

चिंचगूळ | सोमवार, रात्री १०:५१

झाड ठणठणीत आहे. सेक्रेटरी तपासून घ्या. :)

(आलोच, पॉपकॉर्न घेऊन.)

माळरान | सोमवार, रात्री ११:३०

ट्यूबलाईट, किडे आहेत म्हणून तर ती फळं पिकली.

महिनोन्महिने तोंड न दाखवणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल झालास की रे' म्हणतो. ते फूल दिसत नाही कारण ते फळाच्या आत असतं. आपण ज्याला फळ म्हणतो ती एक बंद थैली आहे. आतल्या भिंतीला शेकडो बारीक फुलं, सगळ्यांची तोंडं आत. देठाच्या समोरच्या टोकाला जी बेंबीसारखी खळगी असते ते दार, आणि तेही खवल्यांनी गच्च झाकलेलं. वारा, मधमाशी, फुलपाखरू, कुणाचीच तिथे डाळ शिजत नाही.

शिजते फक्त एका चिमुकल्या किड्याची. हा गांधीलमाशीचा लांबचा नातलग, जेमतेम दोन मिलिमीटरचा. पुस्तकातलं नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. आतली फुलं तयार झाली की झाड एक वास सोडतं. त्या वासावर मादी येते आणि खवल्यांमधून अंग रेटत आत शिरते. त्या झटापटीत तिचे पंख तुटून दाराशीच पडतात, मिशांचेही तुकडे होतात. परत फिरायचा प्रश्नच नाही. छातीवरच्या खिशांत भरून आणलेले पराग ती आतल्या फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. जिथे अंडी पडली त्या फुलाची गाठ होते आणि तिच्यात पिल्लू वाढतं, बाकीच्या फुलांत बी धरतं. पाळणाघर झाडाचं, फी परागांत.

काही आठवड्यांनी आधी नर बाहेर पडतात. पिवळट, बिनपंखी, बघायला अगदीच केविलवाणे. त्यांना आयुष्यात दोनच कामं. अजून गाठीत बसलेल्या माद्यांशी मिलन करायचं, आणि मग सगळ्यांनी मिळून फळाच्या भिंतीत बोगदा पाडायचा. बोगदा झाला की नर संपले. तोवर त्याच फळातली नर-फुलं उमललेली असतात. माद्या खिसे भरून घेतात आणि बोगद्यातून उडतात. हातात एखाददुसरा दिवस, तेवढ्यात दुसरा उंबर गाठायचा. हे सगळं उरकल्यावर फळ मऊ होतं, लाल होतं, गोड होतं आणि तुमच्या बोनेटवर पडतं.

औषध मारलंत आणि हे किडे आलेच नाहीत, तर फळं न पिकता हिरवीच गळतील. लाल चिखलाऐवजी हिरवे खडे. बघा, काचेला काय परवडतं ते.

वाटसरू७७ | सोमवार, रात्री ११:३४

दंडवत, माळरान. वाचनखूण साठवली.

आजोळ | मंगळवार, सकाळी ६:१५

केंबरं! उंबरातल्या या किड्यांना आमच्याकडे हेच म्हणायचे. किती वर्षांनी आठवला हा शब्द. आमच्या आजीच्या तोंडी असायचा. घरातली झाकली मूठ कुणी चारचौघांत उघडी करायला लागलं की ती म्हणायची, 'उंबर फोडून केंबरं कशाला उडवता?' आम्हा पोरांना वाटायचं, केंबरं म्हणजे काहीतरी वाईट शिवी असणार.

परसात उंबर होता. आम्ही पडलेलं फळ उचलायचो, दोन बोटांनी फाकवायचो, जोरात फुंकर मारायचो आणि खायचो. जे उडालं ते त्याचं नशीब, जे राहिलं ते आपल्या पोटात. आता ७१ वर्षं वय आहे, अजून काही झालेलं नाही.

खवचट_खान | मंगळवार, सकाळी ९:०२

थांबा थांबा. म्हणजे उंबर मांसाहारी? आणि मग त्याचा चुलत भाऊ अंजीर? उपवासाला चालतो ना तो?

(काडी टाकून पळालो.)

चिंचगूळ | मंगळवार, सकाळी ९:०५

आला. मी वाटच बघत होतो.

सुपारीबाग | मंगळवार, सकाळी ९:४०

खानसाहेब, काडी आमच्या अंगणात पडली. आम्ही जैन. आमच्यात वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर ही पाचही फळं वर्ज्य, 'पंच उदुंबर' म्हणतात. कारण हेच, आत हलते-चालते जीव असतात. त्या काळी सूक्ष्मदर्शक नव्हता, पण कुणीतरी नीट फोडून बघितलं होतं एवढं नक्की. अंजीरही आमच्या घरात येत नाही.

पुरंदरची_सून | मंगळवार, सकाळी १०:२०

आमच्या अंजिराला मधे आणू नका बरं. पुरंदरच्या अंजिराला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते काय किड्यांसाठी नाही!

थट्टा जाऊ दे. आमच्याकडची 'पूना अंजीर' जात परागीभवनाशिवायच फळ धरते. तिला केंबरांची गरज लागत नाही, बागेत ती नसतातही. सासरी रोज पाट्या भरतो आम्ही. फोडून बघा, आत लाल गर आणि बिया, दुसरं काही नाही. आता फळ जास्त पिकून फाटलं आणि त्यात मुंग्या गेल्या तर तो तुमच्या डब्याचा दोष.

फ्रेस्नोवासी | मंगळवार, सकाळी ११:०८

(आमच्याकडे रात्र आहे, झोप येत नाही, त्यात हा धागा.)

मी राहतो त्या कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या परिसरात अंजिराच्या मोठ्या बागा आहेत आणि इथे याच किड्यापायी इतिहास घडलाय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी तुर्कस्तानातल्या स्मिर्नाहून उत्तम अंजिराची झाडं आणून लावली. झाडं जोमात वाढली. फळं मात्र धरायची आणि अर्धवट असतानाच गळायची. स्मिर्नाचे शेतकरी रानटी अंजिराच्या फांद्या बागेत टांगतात, त्याशिवाय फळ टिकत नाही, असं कुणी सांगितलं तर इथली मंडळी हसायची. त्यांना ती अडाण्यांची समजूत वाटली. शेवटी रानटी अंजीर आणि त्यातला किडा दोन्ही आणावे लागले, १८९९मध्ये तो इथे रुजला आणि मग कुठे फळं पिकायला लागली. त्या जातीला आता कॅलिमिर्ना म्हणतात. तेव्हा खानसाहेब, पुरंदरचं अंजीर शाकाहारी, कॅलिमिर्ना तुमच्या विवेकावर.

खवचट_खान | मंगळवार, सकाळी ११:१५

म्हणजे सुकं अंजीर खाताना दाताखाली जे कुरकुर वाजतं ते...

फ्रेस्नोवासी | मंगळवार, सकाळी ११:१९

बी. ते बी असतं. आत मेलेल्या मादीला अंजिरातलं विकर (एन्झाइम) विरघळवून टाकतं. झोपू द्या आता.

निशिगंध | मंगळवार, दुपारी १:३०

किती सुंदर माहिती! निसर्गात किती समतोल आहे ना? कुणी कुणाला ओरबाडत नाही, प्रत्येक जण आपल्या गरजेपुरतंच घेतो. बिघाड करतो तो फक्त माणूस.

माळरान | मंगळवार, दुपारी २:४५

निशिगंध, राग मानू नका, पण या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. उंबराच्या आत डोकावलं तर तिथे फसवणूक, चोऱ्यामाऱ्या, खून सगळं आहे.

मघाशी मी चांगल्या भाडेकरूची गोष्ट सांगितली. त्याच फळावर फुकटेही येतात. काही जातींच्या माद्या आत शिरायच्या भानगडीतच पडत नाहीत. त्यांच्या शेपटाला अंगापेक्षाही लांब सुई असते. त्या फळाच्या सालीवर बसतात, बाहेरूनच सुई खुपसतात आणि आतल्या फुलांत अंडी घालून निघून जातात. पराग आणायचे नाहीत, पंख तोडून घ्यायचे नाहीत, पाळणाघर मात्र फुकट. आणखी काही जाती त्याहून पुढच्या. त्या सुईने आत आधीच असलेल्या दुसऱ्याच्या पिल्लापर्यंत पोचतात आणि त्यांची पिल्लं त्याला खाऊन वाढतात. म्हणजे फुकट्यांचाही कुणी बाप आहेच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेने बोर्जिस यांच्या गटाने उंबराच्या या सगळ्या संसारावर बरंच काम केलंय. त्याच संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलंय की अशा एका जातीच्या सुईच्या टोकाला जस्त असतं. केसापेक्षा बारीक सुई, कच्चं टणक उंबर, आणि पात्याला जस्ताची धार. आपल्या गिरमिटालाही हेवा वाटावा!

मग फुकटे वाढून झाड का बुडत नाही? कारण त्यांनाही कुणीतरी खातं. उंबरावर मुंग्या उगाच फिरत नसतात.

देवगडी | मंगळवार, दुपारी ३:२०

मुंग्या म्हटल्यावर मला बोलायलाच हवं. आमच्याकडे त्यांना ओंबील म्हणतात. तांबड्या, लांब पायांच्या, पानं जोडून घरटी करणाऱ्या. आंब्यावर चढणाऱ्याला विचारा ओंबील काय चीज असते. एकदा उंबरावर चढलो होतो, शर्ट तिथेच टाकून खाली आलो.

माळरान म्हणतायत ते मी बघितलंय. ऐन वेळी, म्हणजे फळातून केंबरं निघायच्या सुमाराला, ओंबील फळांवर पहारा दिल्यासारखी बसतात. भोकातून एक डोकं वर आलं की पकडलं. सालीवर सुई लावून बसलेली तर त्यांना आयतीच सापडते, तिला पटकन सुटताही येत नाही. भाडेकरू आणि फुकटे, ओंबील दोघांनाही खातात. पण आत शिरणारी मादी एकदा दाराआड गेली की वाचली, आणि बाहेर बसून भोक पाडणारीला मात्र उघड्यावर बराच वेळ काढावा लागतो.

निशिगंध | मंगळवार, दुपारी ४:०५

राग नाही आला. पण मग 'समतोल' हा शब्दच टाकून द्यायचा का? शाळेत मुलांना काय शिकवायचं, चोऱ्या आणि खून?

माळरान | मंगळवार, दुपारी ४:४०

शब्द ठेवा. त्याचं चित्र बदला एवढंच. आपल्या डोक्यात तराजू असतो, दोन्ही पारडी स्थिर. मला ते आठवडी बाजारासारखं वाटतं. प्रत्येक जण दुसऱ्याला कमीत कमी देऊन जास्तीत जास्त काढायला बसलाय, आणि तरी बाजार दर आठवड्याला भरतो. कारण कुणा एकालाच सगळं लुटता येत नाही. केंबरांनी सगळ्याच फुलांत अंडी घातली तर बी नाही, बी नाही तर पुढचा उंबर नाही. सगळीच फुलं त्यांच्या हाती का लागत नाहीत यावर अभ्यासकांत अजून वाद चालू आहेत, तेव्हा मी त्यात पडत नाही.

निशिगंध | मंगळवार, दुपारी ४:५५

बाजार आवडला. पण बाजार उठला तरी निसर्ग स्वतःला सावरून घेतोच की.

रायगडवाला | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

सावरतो? गिधाडं कुठे सावरली?

लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात आभाळ भरायचं. माझ्या मुलाने गिधाड बघितलं ते श्रीवर्धनकडच्या एका कड्यावर, तेही दुर्बिणीतून. नव्वदच्या दशकात ती मरायला लागली. जनावरांना वेदना कमी व्हायला देतात ते डायक्लोफिनॅक त्यामागे आहे हे २००४मध्ये उघड झालं. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी. २००६मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं. पण तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णव संपली होती. वर्षाला एकच अंडं घालणारा पक्षी कधी भरून काढणार ते? मधल्या काळात त्या ढोरांवर कुत्री पोसली गेली. जागा रिकामी राहिली नाही हे खरं. पण कुत्र्याने भरलेली जागा आणि गिधाडाने भरलेली जागा यांतला फरक, चावलेल्याला विचारा.

अवांतर झालं, क्षमस्व. चालू द्या उंबर.

उमरखेडचा_भाऊ | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

अवांतर कायचं, बरोबर बोलले तुम्ही.

आमच्याकडं बांधावर तीन उंबर हायेत. विहीर कुठं खणायची तर आधी उंबर कुठं हाय ते बघायचं, असं आमचे म्हातारे सांगत. पाणी दरवेळी लागलंच असं नाही, पण सावली तरी लागते! उन्हाळ्यात जवा सगळं करपून जातं तवा खाली पडलेली उंबरं शेळ्या खातेत, ढोरं खातेत, रात्री रानडुकरं येतेत. सकाळी तिथली माती नांगरल्यावानी उकरलेली राहते. तुमच्या गाडीच्या बोनेटाचं दुःख कळलं, पण आमच्याकडं शेळ्या पाठवून द्या म्हणता येत नाही ना तुम्हाला.

चिंचगूळ | मंगळवार, संध्याकाळी ७:४१

विषय क्र. ४ : 'सोसायटीसाठी शेळी खरेदी करणेबाबत'.

कायद्याचं_बोला | मंगळवार, रात्री ८:१५

हसून हसून पुरेवाट. पण विषय क्र. ३ कडे वळू. सोसायटीने ठराव केला म्हणून झाड तोडता येत नाही. १९७५चा वृक्ष जतन कायदा शहरांत खाजगी जागेतल्या झाडांनाही लागू आहे. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, फांद्या छाटायच्या तरी रीतसर अर्ज करा. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' धरलं जातं, आणि तोडायच्या झाडाचं जितकं वय तितकी झाडं लावायची अट आहे. सेक्रेटरीकाकांना एवढंच विचारा, उंबर चाळिशीचा निघाला तर चाळीस झाडं कुठे लावणार? पार्किंगमध्ये?

झाड पडण्याची खरीच भीती असेल तर बुंधा पोकळ आहे का, मुळांभोवती काँक्रीट ओतलंय का, हे माहितगाराकडून तपासून घ्या. फळातले किडे हा त्याचा पुरावा होत नाही.

एक_शंका | मंगळवार, रात्री ९:००

माझा प्रश्न कडू वाटेल. शहरात उंबर शेकड्यांनी असतील. एक गेला तर केंबरांना असा काय फरक पडणार? भावनेच्या भरात नको, खरं सांगा.

माळरान | मंगळवार, रात्री १०:१०

प्रश्न रास्त आहे. एक गेला तर बहुधा काही कळणार नाही. पण हिशोब कसा चालतो ते सांगतो.

एका झाडावरचा बहर साधारण एकाच वेळी चढतो. म्हणजे केंबरं बाहेर पडतात तेव्हा त्याच झाडावर त्यांना आत शिरायला कोवळं फळ सहसा नसतं. त्यांना दुसरं झाड लागतं, तेही नेमकं त्या दिवशी वास सोडत असलेलं. म्हणून वेगवेगळे उंबर वेगवेगळ्या वेळी बहरतात. बारमाही लोकलचं टाइमटेबल म्हणा ना. एक गाडी रद्द झाली तर पुढची मिळते. चार-पाच सलग रद्द झाल्या की फलाटावरची माणसं घरी पोचत नाहीत, आणि केंबरांना फलाटावर थांबायला एखाददुसरा दिवसच असतो. कितव्या रद्द गाडीला सेवा कोलमडते ते आधी सांगता येत नाही.

त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे ती वाऱ्यावर फार लांब जाऊ शकतात. आफ्रिकेत नामिबच्या वाळवंटात नदीकाठाने उंबराचीच एक बहीण वाढते. तिथल्या झाडांची आनुवंशिक तपासणी करून पाहिलं तर तिच्या केंबरांनी १६० किलोमीटरपर्यंतवरून पराग आणल्याचं निघालं. दोन मिलिमीटरचा जीव!

दुसरी बाजू खाणाऱ्यांची. टाइमटेबल असं वर्षभर पसरलेलं असल्यामुळे आजूबाजूला कुठे ना कुठे तरी उंबर, वड, पिंपळ पिकलेला असतोच. आंबा-जांभळाचा हंगाम संपल्यावर पाखरं जगतात ती याच जोरावर.

पावशा | बुधवार, सकाळी ७:५०

खाणाऱ्यांचा विषय निघाला म्हणून. आमच्या कॉलनीतला उंबर आज पहाटे सहा ते साडेसात बघत बसलो. झोप नव्हतीच, म्हटलं धाग्याच्या कामी येईल.

सहा वाजता उजाडायच्या आत शेवटचं वटवाघूळ गेलं. तोंडात उंबर होतं. ते झाडावर बसून खात नाही, फळ घेऊन दुसरीकडे जातं, चावून रस गिळतं आणि चोथा थुंकतं. ट्यूबलाईट, तुमच्या काचेवरचं प्रकरण बहुधा हेच. सव्वासहाला तांबट आला, पान्यावर हातोडी मारल्यासारखा टुक टुक करत. मग बुलबुल जोडीने. साडेसहाच्या सुमाराला हरियल उतरले. आधी मला एकही दिसेना, पानांतून फक्त फळं टपटप पडत होती. नीट बघितलं तर अकरा होते, पिवळे पाय फांदीला घट्ट, माना लांब करून उलटे लोंबत फळं काढत होते. आपला राज्यपक्षी बरं का, आणि निम्म्या महाराष्ट्राने त्याला कधी बघितलेलं नसतं. सात वाजता राखी धनेशाची जोडी आली. उंबर चोचीच्या टोकात धरायचा, मान मागे टाकायची, वर उडवायचा आणि गट्टम. एका पक्ष्याची अठरा मोजली, मग कुत्रं भुंकलं आणि दोघं उडाले. खाली खार, साळुंक्या आणि कचरा वेचणारी एक बाई. तिने दोन उचलली, फुंकर मारली, खाल्ली. आजोळ, तुमची आठवण आली.

आजोळ | बुधवार, सकाळी ८:३०

मारणारच फुंकर. शास्त्र आहे ते.

फाटकी_छत्री | बुधवार, सकाळी ९:१५

सगळं छान, पण याच पाखरांनी आमच्या गच्चीच्या टाकीमागे पिंपळ लावलाय त्याचं काय? दर वर्षी उपटतो, दर वर्षी येतो. मुळं थेट स्लॅबमध्ये. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, 'मुंज करू, मग तोडू.' समतोल माझ्या छतातून गळतोय.

चिंचगूळ | बुधवार, सकाळी ९:२२

पाखराच्या पोटातून गेलेलं बी, वर खताची पुडी मोफत. घरपोच सेवा आहे ती.

देवगडी | बुधवार, सकाळी १०:००

छत्री, रोप बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा आणि भेग सिमेंटने बुजवा. नुसतं वरून कापलं तर तो दुप्पट जोमाने येतो. उंबर-पिंपळावर प्रेम करायचं ते जमिनीवर, छतावर नाही.

ट्यूबलाईट | शुक्रवार, रात्री ११:०५

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला कारण प्रयोग करत होतो.

बुधवारी संध्याकाळी लाल व्हायला आलेली, पण भोक न पडलेली पाच उंबरं तोडली. बायकोच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून तोंडाला जुन्या ओढणीचा तुकडा बांधला. गुरुवारी पहाटे मुलगी ओरडली, 'बाबा, बरणीत पाऊस पडतोय!' काचेला आतून काळे ठिपके, सगळे वरच्या दिशेने धावत होते. भिंग लावून बघितलं. एका फळाला टाचणीच्या टोकाएवढं भोक, आणि त्यातून एकामागून एक बाहेर येत होती. बाहेर आलं की क्षणभर थांबायचं, पुढच्या पायांनी मिशा पुसायच्या, पंख झटकायचे. भोकाच्या कडेशी एक पिवळट बिनपंखी जीव अर्धा बाहेर लोंबत होता, मेलेला. माळरान, हाच तो बोगदावाला ना? दोन-तीन किडे वेगळे होते, शेपटामागे लांब केसासारखं काहीतरी. फुकटे बहुतेक. मुलीने त्यांचं नाव 'पार्किंगवाले' ठेवलंय.

ओढणी सोडली तेव्हा सगळी खिडकीतून गेली. कुठे गेली माहीत नाही. मागच्या गल्लीत मंदिराजवळ एक उंबर आहे, त्याला आत्ता हिरवी कोवळी फळं आहेत एवढं मुलीने जाऊन बघितलंय.

माळरान | शनिवार, सकाळी ७:१०

हो, तोच बोगदावाला. आणि मुलीला सांगा, मंदिराजवळच्या फळांच्या बेंबीपाशी भिंग लावून बघ. तुटलेले पंख अडकलेले दिसले तर पाहुणे पोचले.

ट्यूबलाईट | रविवार, रात्री ९:४८

सभेचा वृत्तांत, थोडक्यात.

'झाड किडलंय' यावर मी बरणी पुढे केली. 'तोडू' यावर कायद्याचं_बोला यांचा प्रतिसाद छापून वाचला, चाळीस झाडांपाशी हशा झाला आणि विषय क्र. ३ तिथेच मऊ पडला. बुंधा तपासून घ्यायचं ठरलं, ते मलाही पटलं. मुळांभोवतीचं काँक्रीट हातभर फोडायचं. उंबराखालच्या चार जागांपैकी दोन स्कूटरना द्यायच्या आणि बहराच्या दिवसांत वर हिरवी जाळी बांधायची. फळं झाडून रोज खताच्या खड्ड्यात, म्हणजे चिलटं कमी होतील. गाडी पुसायचं काम माझ्याकडेच राहिलं, त्यावर मतदान झालं नाही.

सभा संपल्यावर वर येत होतो तर सेक्रेटरीकाका एकटेच उंबराखाली उभे. चष्मा कपाळावर, एक फळ दोन बोटांनी फाकवून डोळ्यांजवळ धरलेलं. मला बघून म्हणाले, 'अरे, यात तर काहीच नाही.' मी म्हटलं, काका, भोक बघा, गेली ती.

मग त्यांनी दुसरं फोडलं.

आजोळ | रविवार, रात्री १०:०२

फुंकर मारायला सांगितलंत ना?